पन्नाशीत खाणं बदलायचं तर किराण्याच्या यादीपासून

इंदूरच्या रामबागेत आमचं किराण्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकांत मराठी घरं बरीच, आणि त्यांतल्या कित्येकांची महिन्याची यादी वर्षानुवर्षं माझ्याच हातून भरली जाते. घरात कोणी पंचेचाळीस-पन्नासचं झालं आणि रक्ताच्या तपासणीत साखर किंवा कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, की ते यादीत लगेच दिसतं. ओट्स येतात, ग्रीन टी येतो, बिनसाखरेची बिस्किटं येतात. वरच्या ओळी मात्र त्याच असतात: तेल पाच लिटर, साखर पाच किलो, मैदा एक किलो, सेव एक किलो. दोन-तीन महिन्यांत ओट्स यादीतून गळतात. तेल, साखर, मैदा, सेव आपापल्या जागी असतात.

म्हणून मला कोणी विचारलं, की मी आधी त्या वरच्या ओळींबद्दल बोलतो. जे घरात येतं ते शिजतं, आणि शिजलेलं खाल्लं जातं. रात्री नऊला पोटात कावळे ओरडत असताना डब्यातल्या सेवेला हात न लावणं फार अवघड. एक तारखेला, जेवण झाल्यावर निवांत बसून यादीत एक किलोच्या जागी पाव किलो लिहिणं सोपं. मी आणि माझ्या बायकोनं आमचं खाणं असंच बदललं. माझं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ६.२ आली होती, आणि पाळी थांबल्यापासून तिचं कोलेस्टेरॉल चढत होतं.

मी डॉक्टर नाही. पुढे जे आकडे येतील त्यातले बहुतेक हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये काढलेल्या आहाराच्या मार्गदर्शक सूचनांतले आहेत. ते मी एका कागदावर उतरवून दुकानात तराजूच्या मागे चिकटवले आहेत. बाकीचं आमच्या स्वयंपाकघरातलं.

हेच वय का

चाळिशीनंतर अंगातले स्नायू हळूहळू कमी होत जातात. जेवणातली साखर रक्तातून उचलायचं मोठं काम स्नायूंचं. ते घटले की पूर्वीच्याच ताटानं साखर जास्त चढते. बायकांचं इस्ट्रोजेन हे संप्रेरक पाळी थांबताना कमी होतं, त्यामुळे चरबी पोटाकडे साठते, वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, हाडं विरळ व्हायला लागतात. शिवाय आपल्याकडे वजन फार नसलं तरी पोट सुटलेलं असतं. म्हणूनच भारतीयांसाठी कमरेची मर्यादा कमी धरली आहे: पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. शिंप्याची टेप घ्या, सकाळी रिकाम्या पोटी, श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मापा. पँटचा नंबर हे कमरेचं माप नव्हे. पँट पोटाखाली नेसलेली असते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. मधुमेह असलेले दहा कोटींहून जास्त, आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले तेरा कोटींहून जास्त. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ आणि त्यापुढे मधुमेह. उंबरठ्यावरून परत फिरता येतं, आणि परत फिरवण्यात सर्वांत मोठा वाटा खाण्याचा आणि चालण्याचा आहे. म्हणून हा सगळा खटाटोप करावासा वाटतो.

काहीही बदलण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या: एचबीए१सी, उपाशीपोटीची साखर, लिपिड (कोलेस्टेरॉलसाठी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), आणि शाकाहारी असाल तर बी१२ जीवनसत्त्व. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलणं अगदी आवश्यक. औषध तेवढंच ठेवून ताट अर्धं केलं तर साखर एकदम खाली उतरू शकते, आणि ते धोक्याचं असतं.

तेलाची बाटली

यादीतली पहिली ओळ तेलाची घ्या. संस्थेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप पुरे. यात फोडणी आली, पोळीला लावलेलं आलं, वरणावरचं तूप आलं आणि बाहेरून आणलेल्या कचोरीतलं तेलही आलं.

आमच्या घरी तीन माणसं: मी, बायको आणि आई. तिघांचे महिन्याला अडीच किलोपेक्षा थोडे कमी होतात. त्यातून तूप ४०० ग्रॅम वजा केलं की तेलाला दोन किलो उरतात. तेल पाण्याहून हलकं. लिटरभर तेलाचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे दोन किलोचे झाले साधारण सव्वादोन लिटर. तुमचा हिशेब तुम्ही असाच मांडा. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल, तर माणशी दिवसाला ३८ ग्रॅम नुसतं तेल झालं. तूप वेगळं, बाहेरचं वेगळं.

आता हा हिशेब चुलीपाशी कसा पोचवायचा ते सांगतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. रविवारी सकाळी बायको कॅनमधून अर्धा लिटर तेल काचेच्या एका उभ्या बाटलीत काढते आणि कॅन माळ्यावर चढतो. बाटलीवर नेलपॉलिशनं सात आडव्या रेघा मारलेल्या आहेत, एका दिवसाची एक. आठवडाभर ओट्यावर फक्त ती बाटली. बुधवारी रात्री तेल चौथ्या रेघेच्या खाली गेलेलं दिसलं, की गुरुवारी भरीत होतं किंवा ताकातला पालक. कोणी कोणाला टोकत नाही, रेघ सगळ्यांना दिसते. चार रविवार धरून दोन लिटर जातं, पाव लिटर उरतं, ते सणासुदीच्या तळणीला.

तेल कमी झालं की भाजी बेचव होते असं वाटतं. तसं होऊ नये म्हणून दोन गोष्टी करा. भाजी शिजवताना कढईवर खोलगट झाकण ठेवून त्या झाकणात पाणी घाला. आपल्या आज्या हेच करायच्या. भाजी स्वतःच्याच वाफेत शिजते, तळाला लागत नाही, तेल मागत नाही. आणि फोडणी आधी न करता शेवटी करा: छोट्या कढल्यात एक चमचा तेल, मोहरी, हिंग, सुकी मिरची, वरून ओता. वास तोच, तेल एक तृतीयांश.

कोणतं तेल चांगलं, हा प्रश्न मला रोज विचारला जातो. शेंगदाणा, सोयाबीन, मोहरी यांपैकी एकाला धरून बसू नका, आलटून-पालटून आणा. मोजमाप सगळ्यांचं सारखंच. महागडं तेल जास्त खाल्लं तर चालतं असं नसतं. वनस्पती तूप मात्र यादीतून कायमचं काढा. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या वर नसावं असा देशाचा नियम आहे, तरी वनस्पतीतलं बाकीचं घट्ट फॅट राहतंच. आणि एकदा तळलेलं तेल पुन्हा तळायला घेऊ नका. उरलं तर गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवा.

सेव, साखर, मीठ

सेव मी विकतो, आणि इंदुरात सेवेशिवाय घर नाही हेही मला ठाऊक आहे. पण पाकिटाच्या मागचा तक्ता एकदा वाचा. सेवेच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त तेल असतं. महिन्याला एक किलो सेव म्हणजे तेलाच्या हिशेबात तीनशे-साडेतीनशे ग्रॅमची भर, आणि ती कोणी धरतच नाही. आमच्याकडे आता महिन्याला पाव किलोचं एक पाकीट येतं, ते संपलं की संपलं. रोजच्या तोंडी लावण्याला फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे. फुटाण्यांवर लिंबू पिळून चिमूटभर जिरावन, म्हणजे पोह्यांवरचा इंदुरी मसाला, भुरभुरा, चिरलेला कांदा घाला. पाच वाजताच्या चहाबरोबर कोणालाही सेवेची आठवण येणार नाही.

साखरेबद्दल जागतिक आरोग्य संघटना सुचवते ती अधिक हिताची मर्यादा दिवसाला २५ ग्रॅमची, म्हणजे सपाट पाच-सहा चमचे. दोन चमच्यांचे चार चहा झाले की ती ओलांडली. चहाची साखर एकदम तोडू नका. दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करा. जीभ त्या चवीला रुळते. गूळ, मध, खडीसाखर ही सगळी याच हिशेबात धरा. ‘काका, आम्ही साखर सोडली, गुळाचा चहा घेतो,’ असं मला पुष्कळ जण सांगतात. गुळाचा स्वाद वेगळा, पण रक्तातली साखर तो जवळजवळ तितकीच चढवतो. बिनसाखरेच्या बिस्किटांतही मैदा आणि तेल असतंच.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. चार माणसांच्या घरात किलोचा पुडा निदान पन्नास दिवस पुरायला हवा, आणि लोणचं, पापड, नमकीन, जिरावन यांतलं मीठही याच पाच ग्रॅमांत धरायचं. पुडा महिन्यात संपत असेल तर कणकेतलं मीठ आधी बंद करा. भाजीला चव असेल तर पोळी अळणी लागत नाही. कमी सोडियमचं मीठ बाजारात मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

यादीत काय वाढवायचं

नुसतं काढत गेलं तर माणूस उपाशी राहतो, चिडचिडा होतो आणि तीन आठवड्यांत पुन्हा कचोरीवर येतो. शिवाय या वयात स्नायू राखायचे तर प्रथिनं वाढवायलाच हवीत. वजनाच्या दर किलोला दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. शाकाहारी घरात ती डाळी, कडधान्यं आणि दुधातूनच यायची. संस्थेच्या ताटात डाळी-कडधान्यं माणशी ८५ ग्रॅम आहेत (अंडी-मासे खाणाऱ्यांनी ती यातच धरायची) आणि दूध-दही ३०० मिलिलिटर. दोघांचे महिन्याचे डाळीचे झाले पाच किलो. मी भरतो त्या याद्यांत दोन माणसांची डाळ अडीच किलोच्या वर क्वचित जाते. म्हणजे वरण आहे, पण पाण्यासारखं पातळ आहे, आणि उसळ आठवड्यातून एखाद्या वेळी.

आपलं शहर दालमिलांचं. तूर, मूग, मसूर, हरभरा इथे ताजा आणि निवडलेला मिळतो. यादीत दर महिन्याला चार कडधान्यं लिहा आणि पुढच्या महिन्यात त्यातली दोन बदला. पोटाला सवय नसेल तर गॅस होतो, म्हणून पहिले पंधरा दिवस मूग आणि मसूर, मग मटकी-चवळी, हरभरे-राजमा शेवटी. रात्रभर भिजवलेलं पाणी फेकून द्या, शिजवताना हिंग घाला.

सोयाबीनबद्दल इथल्या माणसानं उदासीन असू नये. १९८७ पासून सोयाबीनवर संशोधन करणारी देशाची संस्था इंदुरातच आहे, आणि माळव्याच्या शेतांत खरिपात हेच पीक दिसतं. त्यात प्रथिनं कोणत्याही डाळीपेक्षा जास्त, पण ते कच्चं दळायचं नाही. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिनं पचू देत नाही, उष्णतेनं तो निकामी होतो. उकळत्या पाण्यात सोयाबीन वीस-पंचवीस मिनिटं उकळवा, चोळून सालं काढा, उन्हात खडखडीत वाळवा. मग दळणात घाला: गहू पाच किलो, ज्वारी दोन किलो, हरभरे एक किलो, सोयाबीन अर्धा किलो. चक्कीवाल्याला सांगा की कणीक फार बारीक नको, आणि घरी ती चाळू नका. या कणकेच्या पोळ्या थोड्या जाड होतात. कणीक कोमट पाण्यात भिजवून अर्धा तास झाकून ठेवली तर लाटताना फाटत नाहीत.

ज्वारी यादीत आणताना मला विशेष आनंद होतो. आईच्या लहानपणी माळव्यातल्या घरांत ज्वारीची भाकरी रोजची होती. शरबती गहू सणाला. आई आजही हातावर भाकरी थापते, आणि तिच्या हातची भाकरी, मेथीची पातळ भाजी आणि जवसाची चटणी हे आमचं थंडीतलं आवडतं जेवण आहे. चटण्या तुम्हीही वाढवा: तीळ, जवस, कारळं, शेंगदाणे. तिळात कॅल्शियम भरपूर, आणि पाळी थांबलेल्या बायकांना ते जास्त लागतं. नाचणीतही आहे, नाचणीचं सत्त्व नको, पिठाची आंबील करा, ताकातली.

भाजी दिवसाला माणशी ४०० ग्रॅम, पालेभाजी त्यातच. दोघांची आठवड्याला साडेपाच किलो. बटाटा मी त्यात धरत नाही. चोइथराम मंडईतून शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून आणली तर एवढी भाजी परवडते आणि ताजी असते.

किडनीचा आजार असेल तर डाळी-प्रथिनं वाढवण्याचा हा भाग तुमच्यासाठी नाही. तुमची प्रथिनं डॉक्टर ठरवतील.

पोहे

इंदूरच्या माणसाला पोहे सोडायला सांगणं मला पटत नाही, आणि तशी गरजही नाही. आपले पोहे कढईत परतून केलेले नसतात, वाफेवरचे असतात, ही मोठी सोय आहे. वाफेवर पोहे मऊ राहतात, म्हणून तेल थोडं चालतं. अडचण प्रमाणाची आहे. बशीभर पोहे म्हणजे बशीभर तांदूळच, वर सेवेचं तेल आणि शेजारी जिलबीचा पाक.

आम्ही दोघांसाठी असे करतो. जाड पोहे एक वाटी, चाळणीत धुऊन निथळत ठेवायचे, त्यातच मीठ, हळद, चिमूटभर साखर. पातेल्यात दोन लहान चमचे तेल, मोहरी, बडीशेप, हिरवी मिरची. मग बारीक चिरलेला कोबी, गाजर, थंडीत मटार, सगळं मिळून दीड वाटी. भाजी अर्धी कच्ची असतानाच पोहे घालून हलवायचं, आणि ते पातेलं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर झाकून ठेवायचं, दहा मिनिटं. दुसऱ्या चुलीवर मोड आलेल्या मटकीची उसळ, दीड वाटी. बशीत आधी उसळ घ्यायची, तिच्यावर पोहे. वर कच्चा कांदा, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे, भरपूर लिंबू, जिरावन. सेव घालायचीच असेल तर चहाचा एक चमचा, मोजून.

मटकीला मोड यायला उन्हाळ्यात रात्र पुरते, थंडीत कापडाची पुरचुंडी कणकेच्या डब्याशेजारी उबेला दोन दिवस ठेवावी लागते. रविवारी एकदम अर्धा किलो भिजवा, मोड आले की फ्रिजमध्ये चार दिवस चांगली राहते.

या पोह्यांवर दुपारी एकपर्यंत भूक लागत नाही. दुकानात उभं राहून काम करताना मला त्याचा फरक स्पष्ट जाणवतो. जिलबी रविवारी, पोह्यांनंतर, एक. रिकाम्या पोटी जिलबी खाऊ नका.

ताट आणि वेळ

ताटात अर्धी जागा भाजी-कोशिंबिरीची, पाव उसळ किंवा घट्ट वरणाची, उरलेली पाव पोळी-भाताची. खायचा क्रमही तोच ठेवा: आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ, पोळी त्यानंतर. असं खाल्लं की जेवणानंतरची साखर कमी चढते. घरी साखर मोजायचं यंत्र असेल तर दोन दिवस दोन तऱ्हांनी जेवून, दोन तासांनी मोजून स्वतःच बघा. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, गच्चीवर का होईना.

भात बंद करू नका, वाटी ठरवा. एक वहिनी मला म्हणाल्या, ‘काका, यांचं पोळी-भात सगळं बंद केलंय, रात्री नुसतं सॅलड देते.’ मी विचारलं, ‘भाऊसाहेब रात्री फ्रिज उघडतात का?’ त्या गप्प झाल्या. मी म्हटलं, दोन पोळ्या द्या, वाटीभर छोले द्या, काकडी-टोमॅटो हवं तेवढं द्या. पुढच्या महिन्यात त्यांच्या यादीत काबुली चणे दुप्पट होते.

रात्रीच्या जेवणाची वेळ दुकानदारांना, नोकरदारांना सगळ्यांनाच अवघड जाते. आमचं दुकान नऊला बंद होतं, घरी जाऊन जेवायला दहा वाजायचे. आता साडेसातला डबा दुकानात येतो आणि मी मागच्या खोलीत आठच्या आत जेवतो. घरी गेल्यावर कपभर हळदीचं दूध, बिनसाखरेचं. तुम्हाला संध्याकाळी जेवण जमत नसेल तर साडेसहा-सातला उसळ आणि फळ खा, आणि रात्री फक्त एक पोळी-भाजी.

उपवास, पाहुणे, पंगत

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या साबुदाण्याला तंतोतंत लागू आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. त्यात बटाटा, वर तूप. एकादशीच्या आदल्या दिवशी साबुदाणा न्यायला आलेल्यांना मी राजगिरा आणि भगर पुढे करतो. राजगिऱ्याचं थालीपीठ, काकडीची दह्यातली कोशिंबीर, ताक, आणि शेंगदाण्याच्या आमटीबरोबर अर्धी वाटी भगर, एवढ्यात उपवास छान होतो. भगरही साखर चढवते, म्हणून ती अर्धीच वाटी. संकष्टीला चंद्रोदय उशिरा असतो. तेव्हा सातला दही आणि एखादं फळ घ्या, म्हणजे चंद्रोदयानंतर ताटावर तुटून पडावं लागत नाही. गोळ्या चालू असणाऱ्यांनी निर्जळी उपवास करू नये.

पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की सराफा, म्हणजे इथली रात्रीची खाऊगल्ली, दाखवावाच लागतो. तो रंगतो रात्री, आणि या वयात रात्री दहानंतरचं तळलेलं-गोड सगळ्यांत जड जातं. घरी उसळ-कोशिंबीर खाऊनच निघा. चौघांत एक बशी घ्या. भुट्ट्याचा कीस आणि दहीवडा निवडा. गराडू (तळलेला कंद) आणि मालपुव्याचा एकेक घास चाखा. गराडू घरीही छान होतो: उकडून, फोडी करून, तव्यावर चमचाभर तेलात खरपूस परतायचा, वर लिंबू आणि जिरावन. छप्पन दुकान या खाऊच्या बाजारात जायचं तर संध्याकाळी सहाला जा, आणि तेच रात्रीचं जेवण समजा.

दाल-बाफल्याच्या (बाफला म्हणजे कणकेचा उकडून भाजलेला गोळा) पंगतीत वाढणाऱ्याला आधीच सांगा की बाफला तुपात बुडवू नको, वरून चमचाभर घाल. एक बाफला, दोन वाट्या डाळ. लाडू घरी न्यायला मागून घ्या. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धा खा.

घरातली बाकीची माणसं

दोन स्वयंपाक करायची पाळी आली की सगळं मोडतं. आमच्या घरी सगळ्यांचं जेवण एकच, वाढणं वेगळं. आई ऐंशीची आहे. तिच्या ताटाला मी हे नियम लावत नाही. उतारवयात वजन कमी होणं चांगलं नसतं. तिच्या भातावर तूप असतं, मुगाची खिचडी मऊ असते, दह्याची वाटी मोठी असते. मुलांच्या डब्यातूनही तूप काढू नका. त्यांना मात्र सेव-बिस्किटं कमी झाल्याचा फायदा आपोआप मिळतो.

आणि हे काम एकट्या घरच्या बाईवर टाकू नका. नवऱ्याची साखर वाढली की बायकोनं वेगळं रांधायचं, मोजायचं, आठवण करायची, आणि त्यानं फक्त कुरकुर करायची, हे मला अनेक घरांत दिसतं. मला ते अजिबात पटत नाही. भाजी चिरणं, मटकी भिजवणं, दळण नेऊन आणणं, यादी लिहिणं ही कामं पुरुषांनी घ्यावीत. यादी स्वतः लिहिणाऱ्याला आपण काय खातो ते कळतं.

तीन महिन्यांनी

एचबीए१सी तीन महिने व्हायच्या आधी पुन्हा करून उपयोग नाही; तांबड्या पेशींचं आयुष्यच सुमारे १२० दिवसांचं असतं, मागचा हिशेब मिटायला तेवढा वेळ लागतो. तोपर्यंत दर रविवारी कंबर मापा आणि आकडा यादीच्या वहीत त्याच पानावर लिहा. वजन रोज पाहू नका, ते पाण्यानंही खालीवर होतं. कंबर दोन-तीन सेंटिमीटर उतरली की पोटाची चरबी हलायला लागली असं समजा. कंबर तशीच असेल तर तेलाची बाटली आणि बाहेरचं खाणं तपासा. बहुतेक वेळा दुपारच्या कचोरीचा किंवा दुकानातल्या चहांचा हिशेब राहिलेला असतो.

नवा रिपोर्ट आणि यादीची वही, दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. साखर उतरलेली असेल तर गोळी कमी करायची की नाही ते त्यांना विचारा, आपल्या मनानं बंद करू नका. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी चालू असेल तर बी१२ दरवर्षी तपासायला सांगा. ती गोळी दीर्घकाळ घेतली की बी१२ घटू शकतं, आणि शाकाहारी माणसात ते आधीच कमी असतं. मग पुढच्या एक तारखेची यादी लिहायला बसा. डाळीची ओळ सगळ्यांत वर घ्या.